गूगल शोधातून आपला नंबर काढायची सोय: कामाची, पण अर्धीच

मोबाइल नंबर, घरचा पत्ता, सहीचा फोटो गूगलच्या शोधात दिसत असेल तर तो काढायचा अर्ज फुकट करता येतो. पत्ता-नंबर 2022 पासून यात आले, तरी ही सोय फारशी कुणाला ठाऊक नाही. अर्जात मूळ पानाची लिंक द्या, शोधनिकालांच्या पानाची नव्हे. गल्लत इथेच होते. सोबत शोधलेले शब्द आणि स्क्रीनशॉट. सरकारी नोंदी, बातम्या सहसा हटत नाहीत. मंजुरी मिळाली तरी मजकूर फक्त शोधातून जातो. मूळ संकेतस्थळाला वेगळं लिहावंच लागतं. तिथून काढल्यावरही शोधात जुन्या ओळी दिसत राहिल्या, तर कालबाह्य मजकुरासाठी निराळा फॉर्म आहे.