ओमेगा कटची कलम कात्री: एका पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

कात्री बऱ्याच जणांच्या ओळखीची आहे. खुंट म्हणजे मुळं असलेलं खालचं रोप, काडी म्हणजे त्यावर जोडायची हव्या त्या जातीची फांदी. ही कात्री एकीला Ω अक्षरासारखी जीभ आणि दुसऱ्याला तशीच खाच पाडते, म्हणजे दोन्ही एकमेकांत बसतात. लाल मुठी, तीन पाती (ओमेगा, व्ही आणि यू), पाना-पेचकस आणि टेपचं एक रीळ असा डबा येतो. यापेक्षा जास्त वर्णन करत बसत नाही. ऑगस्टमध्ये केशर आंब्याची कलमं, मग फेब्रुवारीत सीताफळाची, असे दोन हंगाम ती वापरली. मे महिन्यात खालची पट्टी चिरली, म्हणून हे लिहायला घेतलं. पातं जिच्यावर येऊन बसतं ती ही पट्टी. तिच्यामुळे कात्री बंद पडली.

पण आधी नटाबद्दल, कारण या कात्रीचं सगळं बरंवाईट दोन मुठी जोडणाऱ्या एका नटावर अवलंबून आहे. दीड-दोनशे काप झाले की तो पाव आट्याने ढिला होतो. हाताला काहीच कळत नाही, पण कापात लगेच दिसतं. पातं किंचित तिरकं उतरतं, त्यामुळे एका बाजूचा काप पांढरास्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला साल चेंगरलेली, तिचा बारीक दोरा लोंबतोय. दहा मिनिटांत ती कड तपकिरी पडते. साल आणि लाकूड यांच्यामधला ओलसर थरच कलम जोडतो. तोच चेंगरला तर वरून कितीही सुंदर टेप बांधा, काडी आठ-दहा दिवस हिरवी राहते आणि मग काळी पडते. दोष मात्र काडीला नाहीतर उन्हाला दिला जातो.

उपाय सोपा आहे. नट पूर्ण काढायचा, आटे स्पिरिटने पुसायचे, नेलपॉलिशचा एक थेंब लावून आवळायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. त्यानंतर नट हलला नाही. रोज काम सुरू करण्याआधी कडुनिंबाची ओली काडी कापून बघायची. दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरायचे. फटीतून उजेड दिसला तर त्या दिवशी कात्रीला हात लावू नये.

पहिल्या महिन्यात माझं मत साफ वाईट होतं, पण त्यात अर्धी चूक कात्रीची नव्हती. केशरचं मृदूकाष्ठ कलम खुंटाच्या तांबूस पालवीच्या कोवळ्या फुटीवर होतं. ती फूट इतकी मऊ असते की ओमेगा पातं तिला कापण्याऐवजी दाबतं. त्यात आंब्याचा चीक. दहा-बारा काप झाले की पात्यावर काळपट थर बसतो. प्रत्येक वेळी स्पिरिटच्या फडक्याने पुसावं लागतं, म्हणजे कात्रीने वाचवलेला वेळ पुसण्यात जातो. कोय कलमाचं तर नावच नको, पंधरा दिवसांच्या रोपाचा दांडा या पात्यासमोर टिकत नाही. आंब्याला चाकूच बरा. खुंटाला मधोमध चार सेंटिमीटर चीर, काडीला तितकीच लांब दोन्हीकडून पाचर. चार सेंटिमीटरच्या पाचरीला जेवढी साल सालीला भिडते तेवढी ओमेगाच्या आखूड खाचेत भिडत नाही, हे साधं गणित आहे. काडी आठ-दहा दिवस आधी झाडावरच पानं छाटून, देठ ठेवून तयार केलेली असावी. डोळा (फुटू पाहणारी कळी) फुगलेला हवा, पण फुटलेला नको.

फेब्रुवारीत मत बदललं. सीताफळाची पानं गळालेली असतात, काडी निजलेली आणि कडक असते, चीक नसतो. तिथे ही कात्री अशी चालली की चाकू पिशवीतून बाहेर काढावा लागला नाही. मुळात ती अशाच लाकडासाठी आहे. हिमाचल-काश्मीरकडे हिवाळ्याच्या शेवटी सफरचंदाची कलमं होतात, तेव्हा खुंट आणि काडी दोन्ही निजलेली, दोन्ही पेन्सिलीएवढी. आंब्याच्या पालवीवर ती चालली नाही म्हणून तिला नावं ठेवणं चूक होतं, आणि ती चूक मी केली.

एक अट मात्र सुटत नाही: खुंट आणि काडी एकाच जाडीची हवी. चाकूने जाड खुंटावर बारीक काडी एका कडेला सरकवून साल जुळवता येते. ओमेगाला ती सोय नाही. म्हणून लाकडाच्या फळीला सहा, आठ आणि दहा मिलिमीटरची तीन भोकं पाडून घ्यावीत आणि पिशवीतली खुंटरोपं आणि काड्या त्यांतून मापून वेगळ्या ठेवाव्यात. काप पेराच्या मधल्या सरळ भागावर घ्यायचा, डोळ्यावर नाही. काडी कापताना जीभ राहील अशी कात्री धरली, तर खुंट कापताना ती उलटी धरायची. घाईत दोन्हीकडे खाचच पडते आणि काडी वाया जाते.

जोड बसला तरी तो आखूड असतो, हे विसरू नये. सीताफळ तीन-चार आठवड्यांत फुटलं की शेंडा जड होतो आणि नेमका त्याच सुमारास वळवाचा वारा येतो. प्रत्येक रोपाला एक तुराटी रोवून जोडाच्या वर आणि खाली सैल बांधावं. डब्यातली टेप आपल्या उन्हात टिकत नाही, एप्रिलमध्ये तिचे तुकडे पडले. दोनशे गेज जाडीची, दोन सेंटिमीटर रुंदीची साधी पॉलिथिन पट्टी स्वस्त आणि भरवशाची. जोडाखालून खुंटाची फूट आली की ती नखाने लगेच काढायची.

मोसंबीवाल्यांनी ही कात्री घेऊच नये. मोसंबीला डोळा भरतात, म्हणजे काडीऐवजी एकच डोळा खुंटाच्या सालीखाली बसवतात, आणि त्याला धारदार चाकूच लागतो. पण खुंटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जालना-संभाजीनगरच्या चुनखडीच्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत जंबेरी या खुंटावरचं झाड सुरुवातीला जोमदार दिसतं, पण जंबेरी डिंक्याला (बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाला) लवकर बळी पडते. रंगपूर लाइम हा दुसरा खुंट चुनखडी, खारवट जमीन आणि पाण्याचा ताण जास्त सोसतो. डोळा जमिनीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर उंच भरलेला असावा, म्हणजे जोडाला माती लागत नाही. रोप घेताना खुंट कोणता हे विचारा, आणि विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर रोप परत ठेवा. पाच वर्षं पाणी घालून वाढवलेलं झाड बुंध्याशी डिंक सोडू लागतं तेव्हा फार जीव तुटतो.

हेच हल्ली मैदानी सफरचंदालाही लागू आहे. एचआरएमएन-९९ या कमी थंडीत फळणाऱ्या जातीची रोपं आपल्याकडेही लावली जातात, पण जातीचं नाव विचारणारे खुंटाचं विचारत नाहीत. एम-९ हा खुंट झाड ठेंगणं ठेवतो, पण त्याची मुळं उथळ आणि ठिसूळ असतात. त्याला जन्मभर आधाराची तार आणि नियमित पाणी लागतं, जे आपल्या मे महिन्यात परवडत नाही. एमएम-१११ हा खुंट दुष्काळ बराच सोसतो, मुळं खोल जातात, लोकरी माव्याला (कापसासारख्या पांढऱ्या किडीला) दाद देत नाही, पण झाड मोठं होतं. जंगली सफरचंदाच्या बियांपासून वाढवलेला खुंट सगळ्यात दणकट, फक्त झाडं एकसारखी येत नाहीत आणि फळ उशिरा येतं.

आता ती चिरलेली पट्टी. विक्रेत्याला फोटो पाठवला, तीन वेळा फोन केला. उत्तर एकच, पाती मिळतील, पट्टी सुटी मिळत नाही, नवीन कात्री घ्या. दहा ग्रॅमच्या प्लास्टिकसाठी अख्खी कात्री फेकायला लावणं हे मला अजिबात पटत नाही. ओमेगा पात्याला घरच्या कुरंडावर धारही लावता येत नाही, कारण ते वळणदार आहे. म्हणून घेताना दोन पाती जादा घ्याच, आणि पट्टी सुटी मिळते का हे पैसे देण्याआधी विचारा. सध्या गावातल्या लेथवाल्याकडून नायलॉनची पट्टी कातून घेतली आहे. खाचेची खोली जुन्या पट्टीवरून मोजून दिली होती, तरी पहिल्यांदा अर्धा मिलिमीटर उथळ झाली आणि साल तुटेना. दुसऱ्यांदा नीट बसली. कडुनिंबाच्या काडीवर काप स्वच्छ येतोय. सीताफळाचे खुंट पिशव्यांत तयार होताहेत, फेब्रुवारीत त्यांच्यावर पट्टीचा खरा कस लागेल.