दाण्याच्या दुधाच्या तीन पिशव्या

दीड वर्षापूर्वी माझ्या लेकीने दूध सोडलं. चहातल्या दुधापासून वरणावरच्या तुपापर्यंत सगळं. त्याचं कारण तिने मला समोर बसवून शांतपणे सांगितलं आणि मला ते पटलं. तेव्हापासून आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या घरी रोजच्या दीड लिटरऐवजी अर्धा लिटर दूध येतं, ह्यांच्या आणि सासूबाईंच्या चहापुरतं. मीही हळूहळू तिच्यासारखंच जेवायला लागले.

व्हीगन स्वयंपाक, म्हणजे दूध-तूपही न घालता केलेला, हा काहीतरी महागडा, बाहेरचा प्रकार, असं मला आधी वाटायचं. प्रत्यक्षात पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, थालीपीठ, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, यातल्या कशातच दूध नसतं. फोडणी तेलाची केली की झालं. अडतं ते तीनच ठिकाणी: चहा, दही-ताक आणि खीर. तिथे दूध लागतंच. दुकानात सोयाचं किंवा बदामाचं लिटरभर दूध घ्यायला गेलं तर बरेच पैसे मोजावे लागतात. घरी मात्र एक मोठी वाटी शेंगदाणे, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, यांत पाऊण लिटर दूध निघतं. मी दाणे एकशे साठ रुपये किलोने आणते, म्हणजे चोवीस रुपयांचं काम.

मिक्सर प्रत्येकाच्या घरी असतो. दाणे भिजवायला पातेलं असतं. दूध चांगलं होतं की कचकचीत, हे ठरतं गाळताना. या दीड वर्षात मी दूध गाळायच्या तीन पिशव्या वापरल्या. त्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण सुरुवातीला मला हे कोणी सांगितलं असतं तर बरेच दाणे वाचले असते.

पहिली पिशवी ऑनलाइन मागवली. नायलॉनच्या जाळीची, वर नाडी, किंमत तीनशे एकोणपन्नास. कंपनीचं नाव देत नाही, कारण अशा पिशव्या पुष्कळ जण विकतात आणि मला मिळालेल्या एका नगावरून सगळ्यांना बोल लावणं बरोबर नाही. पहिल्या दिवशी मी खूश होते. दाण्याचं वाटण ओतलं आणि दूध भरभर खाली उतरलं, दोन मिनिटांत काम संपलं. गॅसवर ठेवलं आणि पाचव्या मिनिटाला करपल्याचा वास आला. जाळीतून बारीक पीठ खाली गेलं होतं, ते तळाशी बसलं आणि लागलं. पुढे सतत ढवळत राहून मी ते सांभाळलं, पण दूध तासभर ठेवलं की तळाशी बोटभर गाळ जमायचा. दही लावलं तर खालचा थर पिठूळ. काजूसाठी ही पिशवी चालली, कारण काजू भिजून इतके मऊ होतात की गाळण्यासारखं फारसं उरतच नाही. दाणे आणि सोयाबीनला ती उपयोगाची नाही.

दुसरी अडचण शिवणीची. पिशवीचा तळ चौकोनी होता आणि दोन्ही कोपऱ्यांत चोथा जाऊन बसायचा, तो काढायला बोटं आतल्या बाजूने कोपऱ्यात घालावी लागायची. कडेला फक्त एकेरी ओव्हरलॉकची शिवण होती. तिसऱ्या आठवड्यात पीळ देताना एक कोपरा उसवला आणि अख्खं वाटण पातेल्यात पडलं. विकणाऱ्याला फोटो पाठवला, तर परतीची मुदत संपल्याचं उत्तर आलं. तीनशे एकोणपन्नास रुपयांच्या वस्तूला निदान दुहेरी टीप तरी हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी पिशवी एका प्रदर्शनातून घेतली, दीडशे रुपयांना. मांजरपाटाची, हाताला दणकट, शिवण उत्तम. घरी आणून धुतली तर पाणी पांढरं झालं, एवढी खळ होती. तीनदा उकळल्यावर तिचा वास गेला. पण कापड इतकं जाड की दूध थेंबाथेंबाने पडायचं. एक वाटी दाण्यांचं दूध काढायला मला पंचवीस मिनिटं लागली आणि दोन्ही मनगटं दुखायला लागली. शिवाय कापडच बरंचसं दूध पिऊन टाकायचं. ही पिशवी मी टाकली नाही, कारण एका कामाला ती फार छान आहे. दाण्याचं दही तिच्यात बांधून रात्रभर नळाला टांगलं की सकाळी घट्ट चक्का मिळतो. त्यात लसूण, मीठ, भरडलेली मिरी आणि कोथिंबीर घातली की भाकरीवर लावायला सुरेख लागतं. श्रीखंडाच्या जागी मात्र तो धरू नये. दाण्याचा वास वेलची घालूनही राहतो आणि श्रीखंडाची आठवण येऊन जेवणाऱ्याचा विरस होतो.

तिसऱ्या पिशवीचं श्रेय सासूबाईंचं. त्या मूळच्या राजापूरकडच्या, वय ब्याऐंशी. मी मांजरपाटाला पीळ देत उभी होते आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, “अगं, नवं कापड कधी गाळायला घेऊ नये. नवं कापड दूध पितं. आमच्याकडे सोलकढीचं दूध जुन्या पातळाच्या तुकड्यानेच काढायचे.” मग त्यांनी मला ट्रंक उघडायला लावली आणि स्वतःचं एक नऊवारी काढून दिलं. चाळीसएक वर्षं धुतलेलं सुती पातळ, पदर फाटलेला, रंग गेलेला, पण मधला भाग अखंड. मी म्हटलं, “आई, हे कापायचं?” त्या म्हणाल्या, “मग काय पूजेला ठेवायचंय?”

ते कापड हातात घेतलं तेव्हा फरक कळला. उजेडासमोर धरलं की धागे वेगवेगळे दिसत होते, पण त्यांच्यामधली फट सुईच्या टोकाएवढीही नव्हती. वर्षानुवर्षांच्या धुण्याने सूत फुगून मऊ झालेलं. चमचाभर पाणी ओतलं तर लगेच खाली उतरलं. हीच परीक्षा मी आता कुठल्याही कापडाची करते. पाणी कापडावर थांबलं तर खळ आहे किंवा वीण फार घट्ट आहे, धार लागली तर वीण फार सैल आहे.

शिवण अगदी सोपी आहे, पायमशीन असेल तर पाऊण तास. साधारण तीस सेंटिमीटर रुंद आणि सत्तर सेंटिमीटर लांब तुकडा कापायचा आणि लांबी निम्मी होईल असा दुमडायचा, म्हणजे तळाला जोड येत नाही. सगळा भार तळावर पडतो, म्हणून तिथे शिवणच नसणं बरं. मग तळाचे दोन्ही कोपरे वाटी उपडी ठेवून गोलाकार आखून घ्यायचे. कोपरा गोल झाला की चोथा अडकून बसत नाही, पिशवी उलटी करून झटकली की सगळा गोळा एकदम पडतो. कडेच्या शिवणी पलटीच्या घ्यायच्या: आधी एक टीप, मग कड पातळ कापून कापड उलटवायचं आणि ती कड आत बंद होईल अशी दुसरी टीप. वापरताना पलटीची बाजू बाहेर ठेवायची, म्हणजे आत एकही धागा मोकळा राहत नाही. जुनं कापड नाजूक असतं, म्हणून मी मशीनला अकरा नंबरची सुई लावली आणि दोरा पांढरा घेतला. रंगीत दोऱ्याचा रंग दुधात उतरू शकतो. वर दोन बोटं रुंद नेफा आणि त्यात पायजम्याची सुती नाडी. हाताने शिवायची असेल तर बारीक धावदोऱ्यावर परत एकदा उलट दिशेने धावदोरा घातला तरी चालतं. माझ्या लेकीने तिची पहिली पिशवी तशीच केली आणि ती अजून टिकून आहे.

या पिशवीत दूध गाळायला मला सहा-सात मिनिटं लागतात. पहिली दोन मिनिटं नुसतं टांगून ठेवायचं, आपोआप पडतं तेवढं पडू द्यायचं. मग नाडी आवळून तळापासून वर हलक्या हाताने दाबत यायचं. धुणं पिळल्यासारखा पीळ सुरुवातीलाच दिला तर जुनं कापड फाटेल. पीळ द्यायचा तो शेवटी, चोथा मुठीएवढा झाल्यावर. निघालेलं दूध बोटांवर चोळून पाहा, कचकच लागत नाही. उकळताना तळाला लागत नाही, तरी अधूनमधून ढवळावं.

धुण्याचा एक नियम मी चुकून शिकले. वापरल्याबरोबर पिशवी गरम पाण्यात टाकली तर दुधातली प्रथिनं धाग्यातच घट्ट होऊन बसतात आणि कापड चिवट होतं. आधी गार पाण्यात खळखळून धुवायची, नंतर गरम पाण्यात. साबण लावतच नाही, त्याचा वास पुढच्या दुधाला येतो. आठवड्यातून एकदा चिमूटभर खायचा सोडा घालून उकळते आणि कडक उन्हात वाळवते.

दाण्यांचं म्हणाल तर रात्री भिजवून सकाळी सालं चोळून काढावीत, नाहीतर दूध मातकट दिसतं आणि किंचित कडवट लागतं. वाटीला चार वाट्या पाणी. सोयाबीन करत असाल तर दूध उकळी आल्यावरही मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळायलाच हवं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निकामी होतो. ते फसफसून उतूही फार जातं, म्हणून मोठं पातेलं घ्या. वाटताना गरम पाणी वापरलं तर सोयाबीनचा हिरवट वास बराच कमी येतो.

दही लावायला विरजण कुठून आणायचं हा प्रश्न होता, तो हिरव्या मिरचीच्या देठांनी सुटला. सात-आठ देठं टोपीसकट काढून धुवायची आणि बोट बुडवून सोसेल इतक्या कोमट दुधात टाकून झाकून ठेवायची. देठांवर आंबवणारे जिवाणू असतातच, ते काम करतात. पहिलं दही पातळ होतं आणि थोडा मिरचीचा वास येतो. ते खायला न घेता त्यातलं दोन चमचे विरजण म्हणून दुसऱ्या दुधाला लावायचं. दुसरं दही खापरीसारखं घट्ट लागतं. डिसेंबरात पुण्याच्या थंडीत मी भांडं शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते, तरी बारा-चौदा तास लागतात. एप्रिलमध्ये सहा तासांत आंबट होतं. या दह्याचा मठ्ठा आलं-जिरं घालून फार चांगला होतो. आमच्या ह्यांना पहिले चार दिवस फरक कळलाच नव्हता. चहात मात्र दाण्याचं दूध मला आवडलं नाही, आणि आल्याच्या उकळत्या चहात सोयाचं दूध फाटतं. लेक कोराच चहा पिते, लिंबू पिळून.

चोथा फेकू नका. दाण्याचा चोथा, ज्वारीचं पीठ, कांदा, तिखट, ओवा आणि थोडं बेसन घालून थालीपीठ लावलं की ते अगदी खुसखुशीत होतं. सोयाचा चोथा त्याच दिवशी वापरावा, दुसऱ्या दिवशी आंबतो. नारळाचा चोथा कढईत कोरडा परतून त्यात सुकं खोबरं, लसूण आणि लाल तिखट घालून मी चटणी करते.

आणखी एक गोष्ट काळजीने लिहिते. घरचं दाण्याचं दूध गाईच्या दुधाची सगळी कामं करत नाही. त्यात कॅल्शियम कमी असतं आणि बी-12 तर नसतंच. माझ्या लेकीची रक्ततपासणी करून डॉक्टरांनी तिला बी-12च्या गोळ्या दिल्या आहेत आणि ती नाचणी आणि तीळ नियमाने खाते. तान्ह्या बाळाला असं दूध देण्याचा विचारही करू नये. आणि घरात कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर हे सगळं नारळावर करावं.

ज्यांच्याकडे जुनं सुती पातळ नाही त्यांनी रविवार पेठेत कापडगंजच्या बाजूला कटपीसच्या दुकानांत पांढरी मलमल बघावी. मी बहिणीसाठी अर्धा मीटर साठ रुपयांना आणली. दुकानदाराने दोन-तीन ताग्यांना चमचाभर पाणी लावून बघायला हरकत घेतली नाही, उलट स्वतः पाण्याची बाटली पुढे केली. घरी दोनदा उकळून, वाळवून, आकसल्यावर मगच कापली. आधी शिवून मग धुतली असती तर नेफ्याची चुण पडली असती. ती पिशवी पातळाच्या पिशवीइतकी मऊ नाही, दूध काढायला तीन मिनिटं जास्त लागतात, पण गाळ जराही पडत नाही. दोन-चार महिने वापरली की तीही मऊ होईल.

विकत घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी पाहून घ्या: कापड सुती आणि पातळ, तळ गोल, शिवण दुहेरी. नायलॉनची नको.

सासूबाईंच्या पातळातलं अजून साधारण तीन वार कापड शिल्लक आहे. येत्या रविवारी सोयाबीनसाठी वेगळी पिशवी शिवणार आहे. त्यांनी सांगून ठेवलंय की या वेळी नेफा त्या स्वतः हाताने घालणार.