बेदाणा शेड आणि कोल्ड स्टोरेजसाठी 10 के थर्मिस्टर प्रोब: घ्यावा, पण पारखून

स्टीलच्या टोपीतला, मीटरभर काळ्या वायरीचा 10 के एनटीसी प्रोब (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, बदलणारा थर्मिस्टर; के म्हणजे हजार ओहम) सांगली-मिरजेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो आणि शंभराच्या नोटेत बसतो. तासगाव-सावळजकडच्या बेदाणा शेडसाठी किंवा कोल्ड स्टोरेजच्या खोलीसाठी या किमतीत याहून चांगला तापमापक मिळणं अवघड आहे. तक्रारी येतात त्या बहुतेक जोडणीच्या आणि चुकीचा माल गळ्यात पडल्याच्या.

तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स उतरतो. 25 अंशांना 10 किलोओहम, 50 अंशांना साधारण 3.6, आणि बर्फाच्या पाण्यात 33 च्या आसपास. एका अंशामागे चारेक टक्के फरक पडतो, हीच याची खरी ताकद. दहा मीटर वायर वाढवली तरी तिचे दोन-तीन ओहम 10,000 मध्ये कुठेच दिसत नाहीत. त्याच वायरीवर पीटी100 (शंभर ओहमचा प्लॅटिनमचा तापमापक) दोन तारांनी जोडला, तर रीडिंग सहा-सात अंशांनी चढतं.

दुकानात मल्टीमीटर लावून 6.5 के दिसले म्हणून गिऱ्हाईक प्रोब परत करतं. एप्रिलात दुकानात 35 अंश असतील, तर 6.5 केच दिसायला हवेत; माल बरोबर आहे. वायरी मात्र मोजून घ्या. दोन असतील तर थर्मिस्टर. हुबेहूब तशाच टोपीत तीन वायरींचा डीएस18बी20 हा वेगळा तापमापक मिळतो. तो डिजिटल आहे, खाली दिलेल्या जोडणीला चालणार नाही.

खरी फसगत होते बीटा आकड्यात, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती झपाट्याने बदलतो ते सांगणाऱ्या आकड्यात. 3950 आणि 3435 असे दोन प्रकार सर्रास विकले जातात, आणि दोन्ही 25 अंशांना 10 केच दाखवतात. प्रोब वाचणारा प्रोग्रॅम किंवा कंट्रोलर 3950 चा आणि प्रोब 3435 चा असेल, तर खोलीत 4 अंश असताना साडेसहाच्या आसपास दिसतात. कॉम्प्रेसर उगाच पळत राहतो आणि माल गरजेपेक्षा गार होतो. शेडमध्ये उलटं होतं: 50 अंश असताना 46-47 दिसतात. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. बर्फाचा चुरा गच्च भरलेल्या पेल्यात फटी भरतील एवढंच पाणी घाला, टोपी मधोमध धरा (तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका), ढवळत राहा आणि आकडा स्थिर झाला की 200 के रेंजवर वाचा. 32 ते 34 के आले तर 3950, 27 ते 29 आले तर 3435.

जोडणीला 10 केचा एक टक्कावाला मेटल फिल्म रेझिस्टर घ्या: तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. सोनेरी पट्टीचा पाच टक्क्यांचा लावलात तर त्या एका भागानेच एक-सव्वा अंशाची चूक येऊ शकते. रेझिस्टरचं एक टोक 5 व्होल्टला, दुसरं जोडबिंदूला (इथलाच व्होल्टेज कंट्रोलर वाचतो). प्रोब जोडबिंदू आणि ग्राउंड यांच्यामध्ये. जोडबिंदूपासून ग्राउंडला 104 लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर द्या, म्हणजे मोटर सुरू होताना आकडा नाचत नाही. एडीसीचा (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाचा) संदर्भ त्याच 5 व्होल्टवरून घेतला की सप्लाय थोडा हलला तरी रीडिंग हलत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान तुटलेल्या वायरीने होतं. वायर तुटली की रेझिस्टन्स अनंत, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी कडाक्याची थंडी. कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर बंद पडतो आणि माल तापायला लागतो. ज्या शेडमध्ये हीटर-ब्लोअर आहे तिथे हीटर चालूच राहतो, आणि आजूबाजूला शेडनेट असतं. हा सरळ आगीचा धोका आहे. म्हणून प्रोग्रॅममध्ये एडीसीच्या 0 ते 1023 पैकी 1000 च्या वर किंवा 40 च्या खाली आकडा आला की हीटर बंद आणि भोंगा चालू, एवढ्या दोन ओळी हव्यातच. तयार कंट्रोलर घेत असाल, तर पैसे देण्याआधी वायर उपसून तो काय करतो ते बघा.

दुसरा दुखरा भाग म्हणजे टोपीचं तोंड. स्वस्त प्रोबमध्ये टोपी नुसती चेपलेली असते, आतला एपॉक्सी अपुरा. वायरीच्या कडेने ओल आत शिरली की गळतीमुळे रेझिस्टन्स घटतो आणि तापमान हळूहळू चढत गेल्यासारखं दिसतं. बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीची हवा त्या ओलीत मिसळली की तांबं हिरवं पडतं. तोंडावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्याने तांबं खातं. वायर टोपीकडे येण्याआधी खाली झोळ देऊन वर आणा, म्हणजे पाणी झोळावरूनच ठिबकतं.

शेडमध्ये प्रोब जाळीच्या मधल्या थरात, द्राक्षांच्या उंचीला टांगा. ऊन लागलं तर तो हवेचं नाही, स्टीलचं तापमान सांगेल.

याच दुकानांत एचआर202 हा आर्द्रतेने बदलणारा रेझिस्टर मिळतो. अवकाळीच्या दिवसांत आर्द्रता कळणं तापमानाइतकंच गरजेचं, पण हा भाग मी शेडसाठी सुचवणार नाही. त्याला एसी सिग्नल लागतो. सरळ डीसी दिला की त्याचा थर बिघडत जातो, आणि धुरीची हवा त्याला सोसत नाही. एलडीआर (उजेडाने बदलणारा रेझिस्टर) मात्र रात्रीचा दिवा आपोआप लावायला उत्तम. फक्त त्या दिव्याचा उजेड एलडीआरवर पडू देऊ नका, नाहीतर दिवा रात्रभर चालू-बंद होत राहील.