वॉरंटी संपल्यावर गाडी कुणाकडे: कंपनीचं सर्व्हिस सेंटर की गल्लीतलं गॅरेज?

वॉरंटी चालू असेल तर सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. मारुतीची मूळ वॉरंटी जुलै 2024 पासून 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर झाली आहे. त्या काळात गिअरबॉक्सचं काही निघालं, तर सर्व्हिसच्या पूर्ण नोंदी तुमच्या बाजूने उभ्या राहतात. खरी निवड त्यानंतर करायची असते.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक दोष शोधण्यात आहे. समजा, खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाकडून खडखड येते. सर्व्हिस सेंटरमध्ये ॲडव्हायझर तक्रार जॉब कार्डवर लिहितो, गाडी आत जाते आणि प्रत्यक्ष काम करणारा फिटर तुम्हाला बहुधा भेटतच नाही. चांगला गॅरेजवाला आधी तुम्हाला शेजारी बसवून गाडी स्पीडब्रेकरवरून नेतो, मग जॅकवर घेतो. अनेकदा सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा रबरी बुश असा छोटा भागच गेलेला असतो, शॉकअपची जोडी बदलायची गरजच नसते. बॅटरी चार्ज करणाऱ्या ऑल्टरनेटरचंही तसंच. सेंटरला तो अख्खा बदलतात, बाहेर कार्बन ब्रश किंवा बेअरिंग टाकून चालू करतात. मात्र ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत अशी डागडुजी कुणी सुचवली तर नाही म्हणा. तिथे नवा, ओरिजिनल भागच हवा.

सुट्या भागांत सेंटर पुढे आहे, कारण तिथे डुप्लिकेट माल येण्याची भीती कमी. गॅरेजमध्ये हे तुम्हालाच पाहावं लागतं. एमआरपीचं लेबल असलेला बॉक्स समोर उघडायला सांगा, किंवा पुण्यात असाल तर नाना पेठेतून भाग स्वतः आणून द्या. ऑइल बॅरलमधलं घेऊ नका. मॅन्युअलमध्ये 0W-16, 5W-30 असा जो ग्रेड दिलाय, त्याचा सीलबंद कॅन घ्या. सेंटरमध्ये लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टींवर: इंजिन फ्लशिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग या ओळी एस्टिमेटमध्ये आपोआप येतात. मॅन्युअलच्या वेळापत्रकात नसतील तर खोडायला सांगा.

‘बिल नको असेल तर स्वस्तात करतो’ हे गॅरेजवाल्याचं बोलणं मोहात पाडतं. तरीही बिल घ्याच. सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे तो फरकही आता कमी झालाय. पुढे वाद झालाच तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला सांगायला हातात कागद हवा.

इलेक्ट्रॉनिक्सचं काम असेल तर मी गल्लीतल्या गॅरेजचा आग्रह धरणार नाही. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 डिझेल गाडीत डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, तक्रार आली की योग्य स्कॅनर लागतो. साध्या स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसून डॅशबोर्डवरची ‘लाइट घालवली’ म्हणजे दुरुस्ती झाली नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या हाय व्होल्टेज भागाला तर प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावूच नये. यात सगळा दोष छोट्या गॅरेजचा नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेर मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना दंड केला होता.

अपघाताच्या क्लेमला विमा कंपनीच्या कॅशलेस यादीतलं वर्कशॉप बरं. मल्टिब्रँड साखळ्यांचं म्हणाल तर नावापेक्षा त्या शाखेचा मालक आणि हेड मेकॅनिक कोण, यावर सगळं ठरतं.

माणूस शोधायचा तर टुरिस्ट गाड्या चालवणाऱ्यांना विचारा. गाडी एक दिवस उभी राहिली की त्यांचा रोज बुडतो, त्यामुळे ते फुकाची शिफारस करत नाहीत. मग गॅरेजमध्ये जाऊन तुमच्याच मॉडेलच्या गाड्या उभ्या आहेत का बघा. पहिल्यांदा ऑइल बदलणं किंवा ब्रेक पॅड तपासणं एवढंच काम द्या. पॅड अजून चालतील असं सांगून जो गाडी परत पाठवतो, त्याच्याकडे क्लचचं काम निर्धास्त द्या. एस्टिमेटच्या पुढे खर्च जाणार असेल तर आधी फोन करतो का आणि काढलेला जुना भाग न मागता डिकीत ठेवतो का, तेही पाहा.