रिंगणी, कामोणी, आस्कंद की धोतरा: घरच्या औषधाला काय घ्यावं?

वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची आपण रोज खातो. रिंगणी, कामोणी, आस्कंद आणि धोतरा ही त्यांचीच भावकी. खोकल्याला काय घेऊ, झोप लागत नाही तर काय घेऊ, परसात काय लावू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: झाडाचा कोणता भाग, आणि घेणार कोण? या कुळात एकाच झाडाचं पिकलं फळ खाऊ असतं आणि हिरवं फळ बाधतं. त्यामुळे नुसत्या झाडाच्या नावावर काहीच ठरत नाही.

खोकल्यापासून सुरू करू. इथे रिंगणी आणि धोतरा दोघांचंही नाव निघतं. भुईरिंगणी माळावर जमिनीला चिकटून पसरते. पानाच्या शिरेवरसुद्धा सरळ, पिवळट काटे. फूल जांभळं, फळ गोटीएवढं, हिरव्यावर पांढरे पट्टे, पिकलं की पिवळंधमक. उपटायला गेलात तर हाताला फडकं गुंडाळूनच जावं लागतं. आयुर्वेदात ही कंटकारी. दशमुळांतल्या लघुपंचमुळात ती आहे आणि तिची बहीण डोरलीही आहे, म्हणजे बाळंतकाढ्यात दशमूळ घेतलेल्या कितीतरी बायकांच्या पोटात हे कूळ आधीच जाऊन आलंय. कफ सुटायला, दम लागत असेल तर कंटकारी अवलेह किंवा काढा देतात. तिच्यात सोलॅसोडीन नावाचं अल्कलॉइड असतं. त्याची रासायनिक घडण स्टेरॉइडची, म्हणून संप्रेरकं तयार करण्यासाठी कच्चा माल म्हणूनही त्याच्याकडे पाहिलं गेलं.

दाढदुखीवर रिंगणीच्या बियांची धुरी मात्र मी कुणालाही सांगणार नाही. निखाऱ्यावर तेलात कालवलेल्या बिया टाकायच्या, नळीने धूर दाढेपर्यंत न्यायचा आणि मग ‘किडे पडले’ म्हणायचं. दातात किडे नसतातच. जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्याने दात पोखरतो. धुरीने ठणका थोडा बधिर झाला तरी भोक तसंच राहतं आणि दवाखान्यात जायला उशीर होतो.

धोतऱ्याची गोष्ट वेगळी. दम्यावर त्याचा गुण खरा आहे, आणि धोका आहे तोही तिथेच. त्यातली अ‍ॅट्रोपीन, हायोसायमीन, स्कोपोलामीन ही द्रव्यं श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल करतात. कनकासवातलं ‘कनक’ म्हणजे धोतराच. दम्यासाठी धोतरा ओढायची आपल्याकडची रीत 1802च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडला पोचली आणि पुढे तिथे दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. आज इन्हेलरमध्ये मिळणारं इप्राट्रोपियम हे अ‍ॅट्रोपीनवरच प्रक्रिया करून बनवलेलं औषध. फरक इतकाच की इन्हेलरच्या प्रत्येक फवाऱ्यात मात्रा मोजलेली असते. धोतऱ्याच्या दोन झाडांत, अगदी एकाच झाडाच्या दोन बोंडांतही ती सारखी नसते. औषध आणि विष यांत इथे बोटभरही अंतर नाही. म्हणूनच औषध कायद्याच्या ई-1 या विषारी द्रव्यांच्या यादीत धोतरा आहे. घरी दोन्हींतून निवडायचं असेल तर माझं उत्तर रिंगणी, तीही वैद्याला विचारून. धोतरा अजिबात नाही. छातीत घरघर वाढली असेल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

झोप आणि थकवा यांसाठी आस्कंद, म्हणजे अश्वगंधा. ताजी मुळी मोडून नाकाशी न्या, घोड्याच्या पागेचा वास येतो, नाव त्यावरूनच पडलं. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसोर भागात तिची शेती होते. वापरायची ती मुळी. चूर्णाची ग्रंथोक्त मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम. तिच्यातल्या विथॅनोलाइड द्रव्यांवर बरंच काम झालंय, आणि ताण व झोप यांवरच्या काही लहान चाचण्यांत फायदा दिसलाही आहे. पण बाजारात ‘अर्क’ म्हणून येणाऱ्या गोळ्या आणि आजीच्या दुधातलं चूर्ण एक नव्हे. पानं वापरू नयेत असं आयुष मंत्रालयाने 2021मध्ये उत्पादकांना कळवलं होतं, म्हणून डबीवर ‘मूळ’ लिहिलंय का ते बघा. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि डेन्मार्कने 2023मध्ये तिच्यावर बंदीच घातली. गरोदर बाई, थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेली व्यक्ती, यकृताचा त्रास असलेला माणूस, यांनी ती घेऊ नये. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो.

परसात लावायची असेल तर कामोणी. बांधावर आपोआप उगवते, पांढरी इवली फुलं, काळ्या मण्यांचे झुबके. पिकलेला मणी दाताखाली फुटला की टोमॅटोसारखा आंबटगोड रस येतो. कोवळ्या पानांची भाजी उकळून, पाणी काढून टाकून करतात. हिरव्या फळांत मात्र सोलॅनिन वर्गातली द्रव्यं असतात, तीच जी हिरव्या पडलेल्या बटाट्यात असतात, आणि शिजवूनही ती फारशी जात नाहीत. तमिळ घरांत हिरवी फळं मीठ-ताकात मुरवून वाळवतात, पण ती त्यांची पिढ्यांची बसलेली रीत. बांधावरचं कुठलंही झाड घेऊन तिची नक्कल करू नका. चरकाने काकमाची, म्हणजे हीच कामोणी, मधाबरोबर खाऊ नये असं विरुद्ध आहारात सांगितलंय.

धोतऱ्याचं एक सांगायचं राहिलं. महाशिवरात्रीला बोंडं घरात येतात आणि पूजेनंतर ती पाटावरच राहतात. ती त्याच दिवशी मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी टाका. मुलाचं तोंड कोरडं पडलं, चेहरा लाल झाला, अंग तापलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आणि ते असंबद्ध बोलू लागलं, तर ओकारी काढत बसू नका. उरलेलं बोंड पिशवीत घालून मुलासकट थेट रुग्णालय गाठा.