१७ दांड्यांचा अबॅकस : घ्यायच्या आधी मणी सरकवून बघा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बहिणीची मुलगी तिसरीत आहे, तिच्यासाठी परभणीत नानलपेठेतल्या एका दुकानातून प्लॅस्टिकचा अबॅकस, म्हणजे मणी सरकवून हिशेब करायची चौकट, घेतला. अडीचशे रुपयांत वस्तू चांगली मिळाली, पण निवडून घ्यावी लागली. दुकानातच काउंटरवर आडवा ठेवा आणि अंगठ्याने एक मणी वर सरकवा. तो मधल्या आडपट्टीला टेकून तिथंच थांबला पाहिजे. पहिल्या नगाचे मणी इतके सैल होते की नुसता धक्का लागला तरी आकडा बदलायचा. लेकराचं उत्तर त्यामुळं चुकतं आणि बोलणी मात्र त्यालाच बसतात.

बालवाडीतल्या मणीपाटीवर एका तारेवर दहा मणी असतात, एकेक करून मोजायचे. इथं एका दांडीवर पाचच. आडपट्टीच्या वरच्या एका मण्याची किंमत ५, खालचे चार प्रत्येकी १. ही जपानी सोरोबानची ठेवण. जुन्या चिनी स्वानपानवर वर दोन आणि खाली पाच मणी असतात.

मला हा आवडला तो हातच्यासाठी. सातात आठ मिळवायचे तर त्या दांडीवर तेवढे मणीच उरलेले नसतात. आठ म्हणजे दहाला दोन कमी, म्हणून तिथले दोन काढायचे आणि डावीकडच्या दांडीवर एक चढवायचा, झाले पंधरा. वर्गात लेकरं हातचा एक डोक्यावर लिहितात आणि मिळवायचा विसरतात. तो कुठून आला हेच त्यांना कळलेलं नसतं. इथं तो त्यांच्याच बोटांनी शेजारच्या घरात जातो. एवढ्यासाठी तरी प्रत्येक शाळेत हा असावा, असं मला मनापासून वाटतं.

एक अडचण आहे. आडपट्टीवर दर तिसऱ्या दांडीला ठिपका असतो : एकक, हजार, दशलक्ष. आपले लाख आणि कोटी बिनठिपक्याच्या दांड्यांवर येतात, आणि मोठी संख्या मांडताना पोर गोंधळते. मी त्या दोन दांड्यांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. आता ती बाबांच्या सोयाबीनच्या विक्रीच्या पावतीतली रक्कम मांडून हमाली, तोलाई बरोबर वजा करते.

सोबतचा माहितीचा कागद फक्त इंग्रजीत आहे. मराठी चार ओळी छापायला काय हरकत होती?

शहरातल्या एका क्लासवाल्यांनी असाच अबॅकस फीमध्ये धरून दिला आणि मुलांची बोटं नीट बसायच्या आधीच तो बाजूला ठेवून हवेत बोटं फिरवायला लावली. मनातल्या मनात मणी दिसायला आधी ते हाताखालून भरपूर जावे लागतात. घाई करू नका.

गुणाकार यावर होतो, पण त्याला पाढे पाठच लागतात. म्हणून आमच्याकडे सध्या बेरीज-वजाबाकी अबॅकसवर, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर पाढे तोंडी.