जुन्या बुलेटचा ब्रेक लाइट स्विच: जुन्या धाटणीचा घ्यावा की स्प्लेंडरचा?

ब्रेक दाबला तरी मागचा दिवा लागत नाही, पण स्विचच्या दोन्ही वायरी सोडवून एकमेकींना टेकवल्या आणि मागचा दिवा लागला, म्हणजे बल्ब आणि अर्थिंग शाबूत, स्विच गेलाय. इथवर तुम्ही आलेलाच असाल. नवीन कुठला बसवायचा, एवढंच ठरवायचं राहिलंय.

माझी गाडी कास्ट आयर्न इंजिनची ३५० बुलेट. १२ व्होल्टची, ब्रेक डाव्या पायाला, दोन्ही चाकांना ड्रम. पुढच्या ब्रेकला स्विचच नाही. घोडबंदर रोडवर मागच्या डंपरवाल्याला मी थांबतोय हे कळायचं, तर सगळी मदार पायाखालच्या त्या एका स्विचवर.

पुढे डिस्क बसवून घेतली असेल तर ऑइलच्या दाबावर चालणारा बॅन्जो बोल्टचा (ब्रेक ऑइलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) स्विच पुढच्यासाठी लावून टाका, त्यात फार विचार करायला नको. मायक्रोस्विचचा, म्हणजे हलक्या दाबावर चालणाऱ्या छोट्या बटणवजा स्विचचा, मोह मलाही झाला होता. लॅमिंग्टन रोडला हवे तेवढे मिळतात, टिकटिक आवाजही छान येतो. पण पेडलजवळ उडणारा आपल्याकडचा पावसाळी चिखल बघितला आणि तो नाद सोडला. मग उरले दोनच.

एक, जुन्या धाटणीचा, पत्र्याच्या बॉडीचा. जुन्याच भोकांवर दोन स्क्रूंनी बसतो, गाडीला कुठे हात लावावा लागत नाही, दिसतोही जागच्या जागी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा बुलेटचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारावं लागतं. आता मिळतात ते बहुतेक डुप्लिकेटच, आणि त्यात डावं-उजवं भरपूर असतं. दुसरा, स्प्लेंडरच्या मागच्या ब्रेकचा. प्लॅस्टिकची आटेवाली बॉडी, तिच्यावर फिरणारा नट, खाली स्प्रिंग. माजिवड्यापासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही नाक्यावरच्या स्पेअरच्या दुकानात मिळेल. याला धरायला मात्र एक एल आकाराची पट्टी करून घ्यावी लागते. किमतीत म्हणाल तर चहा-वडापावाचा फरक.

मी आधी पहिलाच लावला आणि दिवा लागण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. वैताग आणला तो दिवा कधी लागतो, या गोष्टीने.

ड्रमचे लायनर, म्हणजे ब्रेकचे आतले घासणारे थर, झिजतात, आपण मागच्या ब्रेकचा नट आवळतो. आवळला की ब्रेक लवकर धरतो, म्हणजे पेडल पूर्वीपेक्षा कमी खाली जातं. स्विचची स्प्रिंग तर पेडललाच अडकवलेली. ती पुरेशी ताणलीच जात नाही, आणि करकचून दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. आता कापूरबावडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये करकचून ब्रेक कोण मारतं? तिथे सगळा कारभार हलक्या पायाचा. गाडी जवळजवळ उभी राहते तरी मागे अंधार. माझ्या स्विचला ॲडजस्टमेंट नव्हतीच. पक्कडीने पट्टी वाकवायची किंवा स्प्रिंगचा आकडा आखूड करायचा, एवढेच उपाय. जरा जास्त झालं की दिवा कायमचा चालू. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर खातो. सिग्नलला गाडी मंद धडधडत असताना एवढा भार जुन्या चार्जिंगला जड जातो, हे वेगळं सांगायला नको. कळव्याच्या मेकॅनिकचं यावर म्हणणं, "साहेब, दिवा लागतोय ना? मग झालं की."

स्प्लेंडरच्या स्विचला दिवा लवकर-उशिरा करायचं हे काम बोटांनी होतं. बॉडी एका हाताने घट्ट धरायची आणि फक्त नट फिरवायचा. उलट केलंत, बॉडीच फिरवलीत, तर वायरी पिळवटतात आणि थिंबलपाशी, म्हणजे टोकाच्या पत्र्याच्या जोडापाशी, तुटतात. बॉडी वर सरकली की दिवा लवकर, खाली गेली की उशिरा. पावसाळ्यानंतर मागचा ब्रेक आवळला की लगेच हाही नट थोडा फिरवतो, पाना लागत नाही. खोट आहेच: प्लॅस्टिकचे आटे जोर केला तर सरकतात, आणि क्रोमच्या शेजारी ते काळं प्लॅस्टिक जरा उपरं दिसतं.

तुमची गाडी ५० वर्षांपुढची असेल, व्हिंटेज नोंदणी करून रॅली-प्रदर्शनापुरतीच बाहेर काढत असाल, तर पत्र्याचाच लावा, माझं काही म्हणणं नाही. तिथे डोळ्यांना खटकणं हा मोठा मुद्दा आहे. पण गाडी रोज ठाणे-बेलापूर रोडला जाणार असेल तर मी तरी पत्र्याच्या मागे लागणार नाही.

पट्टी बसवताना फ्रेमला भोक पाडू नका, आधीच्या एखाद्या बोल्टखाली धरा. स्प्रिंग स्विचच्या दांडीच्या सरळ रेषेत ओढली जाईल असं बघा, तिरकी ओढली की दांडी अडकते. वायरींना उलटसुलट नाही, कुठलीही कुठेही लावा. मग रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून पेडल हाताने हळूहळू दाबा. ब्रेक धरायच्या आधी, पेडलच्या मोकळ्या चालीतच भिंत लाल व्हायला हवी. झाली नाही तर नट अजून अर्धा आटा.